आधी काय झालं ते सांग

काळेवाडीत एका झेरॉक्सच्या दुकानावर आमच्या क्लासची खोली होती. खुर्च्या भरपूर होत्या, पण येळवंडे मॅडम त्यातल्या एकीवरही कधी टेकल्या नाहीत. शिकवताना त्या चालायच्या. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. मध्येच कुणाच्या तरी खुर्चीची पाठ धरून थांबायच्या आणि त्या खुर्चीतला माणूस ताठ बसायचा. चहा यायचा, तो घेऊन त्या चालायच्या आणि अर्धा कप खिडकीच्या कट्ट्यावर विसरायच्या. पावसाळ्यात स्कूटरवरून यायच्या तेव्हा रेनकोटची चेन उघडता उघडताच पहिला प्रश्न सुरू व्हायचा. रेनकोट बऱ्याचदा वर्ग संपेपर्यंत एका खांद्यावर तसाच लोंबत राहायचा.

मी लातूरकडचा. डिप्लोमा करून चाकणच्या पट्ट्यात आलो, महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला लागलो आणि भोसरीत भागीत खोली घेतली. खोलीतला जोडीदार गोविंद, बीडचा. आम्हाला कामाचं इंग्रजी येत होतं. ड्रॉइंग, टॉलरन्स, रिजेक्शन, सगळं यायचं. माणसांचं इंग्रजी येत नव्हतं. मीटिंगमध्ये साहेब हसले की आम्ही हसायचो, ते गप्प झाले की आम्ही गप्प व्हायचो. याला कंटाळून गोविंदनंच हा स्पोकन इंग्लिशचा क्लास शोधून काढला.

पहिल्याच दिवशी मॅडमनी बजावलं, "या वाक्याचा अर्थ काय, असं इथं कुणी विचारायचं नाही. कोण म्हणालं, कुणाला म्हणालं आणि आधी काय झालं होतं ते सांगा. मग बोलू."

गोविंदला दम निघत नव्हता. तो उभाच राहिला. "मॅडम, आमच्या लाईनीवर बाहेरदेशचे साहेब आलते. मला म्हनले, यू कान्ट बी टू केअरफुल. मंजी जास्त काळजी घेऊ नको, असंच ना? तपासनी कमी करू का मी उद्यापासून?"

मागच्या रांगेतल्या एकानं तेवढ्यात फोनवर ते वाक्य घालून मराठी करून घेतलं. "फोन पण तेच म्हणतोय मॅडम. तुम्ही खूप काळजी घेऊ शकत नाही."

"फोन होता का तिथं?" मॅडमनी गोविंदला विचारलं.

"व्हता की. खिशात व्हता."

"खिशात होता म्हणजे त्यानं काही बघितलं नाही. तू बघितलंस. साहेबाच्या हातात काय होतं?"

"जॉब व्हता. ब्रेकचा पार्ट."

"कसा धरला होता? करून दाखव."

गोविंदनं समोरच्या पोराचा कंपास बॉक्स उचलला, दोन्ही हातांनी ट्यूबलाइटच्या उजेडात धरला आणि कडेवरून सावकाश अंगठा फिरवला. तसं करताना त्याच्या कपाळाला आपोआप आठ्या पडल्या.

"आता तूच सांग. ब्रेकचा पार्ट असा उजेडाला धरणारा माणूस तुला तपासणी कमी कर म्हणेल?"

गोविंद बॉक्स तसाच धरून उभा राहिला. "न्हाई म्हननार," तो म्हणाला.

"मग झालं. काळजी कितीही घेतली तरी ती जास्त होत नाही, असं म्हणाला तो. वाक्य तेच, पण हातात ब्रेक आहे."

त्या वर्गात फळा होता, पण त्यावर कधी वाक्य लिहिलेलं नसायचं. फळ्यावर लिहिलं की वाक्य अनाथ होतं, असं त्यांचं म्हणणं. त्या आम्हाला उठवून प्रसंग करायला लावायच्या. "आर यू डुइंग एनिथिंग ऑन संडे" हे एकच वाक्य त्यांनी एका संध्याकाळी पुरवलं. आधी एकाला सुपरवायझर केलं. ते वाक्य त्याच्या तोंडून आलं आणि समोरच्यानं न विचारता ओळखलं, ओव्हरटाइम आला. मग तेच वाक्य मित्राच्या तोंडी दिलं, तर लोणावळ्याचा बेत ठरला. शेवटी वर्गातल्या एका मुलीला ते म्हणायला लावलं. समोरचा पोरगा लाल झाला, सगळे टेबल बडवायला लागले. मॅडम स्वतः हसत होत्या आणि हसता हसता घड्याळ बघत होत्या. त्यांना कायम कुठंतरी पोचायचं असायचं. कुठं, ते आम्हाला कळत नसे.

शिकवतानाचं त्यांचं मराठी पुण्याच्या बाईसारखं स्वच्छ होतं. पण घाई झाली, राग आला, की महाळुंगे बाहेर यायचं. त्या मूळच्या तिथल्याच. गावात त्या कमळाक्का होत्या. आम्ही ज्या रस्त्यानं कंपनीत जायचो, तिथं त्यांच्या वडलांचं भुईमुगाचं शेत होतं. तिथं कंपन्या यायच्या कितीतरी आधी त्या चाकणला बारावी करून भोसरीच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या होत्या. इंग्रजी त्या तिथं शिकल्या, कानाला हेडफोन लावून, समोर माणूस नसताना. एका रविवारी वर्गात लाईट गेली, आणि अंधुक खोलीत चालता चालता त्यांनी त्या नोकरीतली गोष्ट सांगितली.

"मला लागून फार दिवस झाले नव्हते. मुंबईचे एक डिसोझा साहेब होते, आम्हाला मशिनचे पार्ट पुरवायचे. आमच्या खरेदीच्या साहेबांशी त्यांचं बोलणं चाललेलं असताना लाईन खरखरली आणि गेली. मी परत नंबर लावला तर तिकडची बाई म्हणाली, आय ॲम अफ्रेड वुई हॅव लॉस्ट मिस्टर डिसोझा. अफ्रेड म्हणजे भीती, एवढं मला येत होतं. लॉस्ट म्हणजे माणूस जाणं, हे पेपरात वाचलेलं. तिचं पुढचं मी ऐकलंच न्हाई. ठेवला फोन आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, साहेब, डिसोझा साहेब गेले."

"मग?" कुणीतरी विचारलं.

"मग काय! साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आत्ता तर बोलत होते, आत्ता तर बोलत होते, एवढंच म्हणत राहिले. सगळं ऑफिस उभं राहिलं, दोन मिनिटं शांतता पाळली. शिपाई हार आणायला गेला. फोटो कुठं मिळंल, यावर चर्चा सुरू झाली. आणि माझ्या बोर्डावर दिवा लागला. हॅलो, डिसोझा हिअर. वुई गॉट कट."

वर्ग खुर्च्यांवरून पडायचा बाकी होता.

"मी हेडफोन काढला आणि बोर्डापासून लांब जाऊन उभी राहिले. भूत असल्यासारखी. शेवटी साहेबांनीच घेतला फोन. आणि काय विचारलं असेल? कसे आहात? डिसोझा साहेबांना कळंना, आत्ता तर बोलत होतो, यात कसं असायचं?"

हसणं ओसरल्यावर त्या खिडकीशी थांबल्या. "त्या बाईच्या आवाजात दुःख नव्हतं. लाईन खरखरली होती, ती मी माझ्याच कानानं ऐकली होती. पण मी शब्द धरला आणि बाकीचं सगळं सोडलं. नोकरी गेली नाही, कारण डिसोझा साहेब हसले. पण तेव्हापासून नुसता शब्द आला की माझ्या जिवाला स्वस्थता नसते."

हे शेवटचं वाक्य आम्ही हसण्यावारी नेलं. त्याचा खरा अर्थ कळला तो गोविंदच्या भावाच्या वेळेला.

गोविंदचा थोरला भाऊ भागवत मोशीला राहायचा, एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होता. सकाळी कामाला जाताना त्याची मोटारसायकल घसरली आणि डोकं दुभाजकावर आपटलं. लोकांनी त्याला भोसरीतल्या जवळच्या एका लहान हॉस्पिटलात आणलं. दुपारी मी कामावर असताना गोविंदचा फोन आला.

"संपलं राव," तो म्हणाला. "डॉक्टर म्हनले, आता काही करता येत न्हाई. गावाकडं नेतो त्याला. जीप बोलावलीय. आई म्हनते, जसा हाय तसा घरी आणा."

मी सुपरवायझरला सांगून निघालो आणि निघताना मॅडमना फोन केला. का केला, ते आजही नक्की सांगता येणार नाही. गोविंदला सावरणारं वडीलधारं असं इथं आमचं कुणी नव्हतं, म्हणून असेल.

मी पोचलो तेव्हा मॅडम आधीच आल्या होत्या. डोक्यावर हेल्मेट तसंच होतं. हॉस्पिटलच्या पायरीवर भागवतची बायको पदर तोंडात धरून बसली होती. दारात जीप उभी होती, मागचं फळकं उघडून तिच्यात गादी टाकलेली. गोविंद ड्रायव्हरला रस्ता सांगत होता आणि मॅडम त्याचा दंड धरून त्याला वळवायला बघत होत्या.

"काय म्हणाले डॉक्टर? शब्द सांग."

"मॅडम, आता काय करायचेत शब्द?"

"सांग म्हणते ना!"

गोविंद भिंतीला टेकला. "देअर इज नथिंग मोअर वुई कॅन डू फॉर हिम हिअर. मी सोता ऐकलं. इंग्रजी शिकलो नसतो तर बरं झालं असतं. आज काही कळलं तरी नसतं."

"तुला म्हणाले?"

"न्हाई. फोनवर बोलत व्हते. कुनाशी ते ठाव न्हाई. मी मागं उभा व्हतो."

"त्याच्या आधी काय करत होते?"

"डोक्याचा फोटो बघत व्हते. उजेडाला धरून."

"आणि नंतर?"

"नंतर सिस्टरला काहीतरी सांगितलं अन् दुसरा पेशंट आला तिकडं पळाले. सिस्टर आली, रक्ताचा गट इचारला अन् गेली."

मॅडमनी त्याचा दंड सोडला. "काय विचारलं?"

"रक्ताचा गट."

"अरे, मग रक्ताचा गट कशाला विचारतील?" एवढं बोलून त्यांनी हेल्मेट काढलं आणि ते कुठं ठेवायचं ते न सुचून माझ्या हातात दिलं. त्यांचं स्वच्छ मराठी तिथंच सुटलं. "हे बघ गोविंदा. त्यो काय म्हणाला ते मला ठाऊक न्हाई. तुला बी ठाऊक न्हाई. पर जीप हलवायची न्हाई. आधी आत चल, इचारू."

"मॅडम, आई वाट बघायलीय. रस्त्यातच काही झालं तर..."

"म्हणून तर म्हणते. चल."

त्या त्याला जवळजवळ ओढत आत घेऊन गेल्या. मी हेल्मेट घेऊन मागं. काउंटरवर सिस्टर फोनवर बोलत होती. आम्हाला बघितल्याबरोबर तिनं फोनवर हात ठेवला आणि ओरडलीच, "अहो, भागवतचे नातेवाईक ना तुम्ही? होता कुठं? ॲम्ब्युलन्स निघालीय. डोक्याचं ऑपरेशन इथं होत नाही, पुण्यात मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर तयार आहेत. सरांनी स्वतः बोलून ठेवलंय. सही कोण करणार?"

 गोविंदनं माझ्याकडं वळून, लहान मूल विचारतं तसं, विचारलं, "हिअर मंजी हितं?"

"हितं," मॅडम म्हणाल्या. "हितं होत न्हाई, तिथं होतंय. कर सही."

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा जीप दारातच आडवी होती. ती मागं घ्यायला ड्रायव्हर धावला, गोविंद आणि वहिनी ॲम्ब्युलन्समध्ये चढले आणि भोंगा वाजत गाडी गेली. मॅडम फाटकाशी उभ्या होत्या. मी हेल्मेट पुढं केलं, त्यांनी घेतलं नाही. 

"माझं चुकलं असतं तर?" त्या म्हणाल्या. "खरंच काही उरलं नसतं आणि मी त्या पोराला खोटी आशा लावली असती तर?"

"तुम्ही तर फक्त विचारा म्हणालात."

"त्याच्या आईनं घरी आणा म्हटलं होतं रे," त्या म्हणाल्या आणि फाटकाच्या आतबाहेर फेऱ्या घालायला लागल्या.

भागवत वाचला. ऑपरेशननंतर बरेच महिने त्याला नीट बोलता येत नव्हतं. आता तो गावी असतो, बोलताना अधूनमधून शब्दासाठी अडतो, मग वहिनी तो शब्द पुरवते आणि तो मान हलवतो. गोविंदनं त्यानंतर मॅडमच्या पाया पडायचा प्रयत्न केला तर त्या वर्ग सोडून गॅलरीत निघून गेल्या होत्या.

मॅडमच्या घरात दोनच माणसं होती. नवरा तरुणपणीच वारला. मुलगी अश्विनी एकटीनं वाढवली, इंजिनिअर केली, हिंजवडीत नोकरीला लागली, तिथल्याच एका मुलाशी तिचं लग्न झालं आणि दोघं कॅनडाला गेली. तिथं कायमचं राहता यावं म्हणून त्यांचे कागद चालू होते. अश्विनी शाळेत जायला लागली त्या दिवसापासून घरात आईशी इंग्रजीतच बोलायचं, हा मॅडमनी घातलेला नियम. तो त्या आम्हाला अभिमानानं सांगायच्या. "स्वप्नं सुद्धा इंग्रजीत पडतात तिला," असं म्हणायच्या.

वर्ग चालू असताना कधीकधी फोन वाजायचा. त्या बघायच्या, फोन पर्समध्ये टाकायच्या आणि चालण्याचा वेग वाढायचा. अश्विनीचे मेसेज छोटे असायचे, ते आम्हालाही माहीत झाले होते. ऑल गुड. बिझी, विल कॉल. पोरीला वेळ नसतो, असं मॅडम म्हणायच्या. 

मग तो रविवार आला. सकाळच्या बॅचला मॅडम पेढ्यांचा बॉक्स घेऊन आल्या. साडी नवी होती. "घ्या, घ्या," म्हणत खोलीभर फिरल्या. "अश्विनीचं काम झालं! कायम राहायची परवानगी मिळाली! सकाळीच मेसेज आलाय. वुई आर थ्रू!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खालच्या झेरॉक्सवाल्यालाही त्या पेढा देऊन आल्या. आणि गोविंद, तोंडात अर्धा पेढा, मॅडमचीच नक्कल करत एका खुर्चीची पाठ धरून म्हणाला, "कोन म्हनलं ते कळलं, कुनाला म्हनलं ते कळलं. आता आधी काय झालं ते सांगा मॅडम!"

खोली हसली. मॅडमही हसल्या आणि उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं.

"आधी..." त्या म्हणाल्या.

त्यांनी फोन काढला. अंगठा स्क्रीनवर वर सरकवला, आणखी वर सरकवला. मी पहिल्या रांगेत होतो. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण डोळे वाचत होते.

"आधी कागदांचं चाललं होतं ना वर्षभर," त्या म्हणाल्या. "चला, सुरू करू."

त्या दिवशी त्यांनी कुणाला उठवलं नाही, प्रसंग करायला लावला नाही. फळ्यावर वाक्यं लिहिली आणि आम्हाला उतरवून घ्यायला सांगितली. वेळेच्या बऱ्याच आधी वर्ग सोडला.

पेढ्यांचा बॉक्स टेबलावरच राहिला होता. तो द्यायला मी आणि गोविंद मागं गेलो तर त्या जिन्याच्या वळणावर फोन कानाला लावून उभ्या होत्या. आम्ही वरच्या पायरीवर थांबलो. पुढं जाता येईना, मागं वळावं तर चपलांचा आवाज होईल.

"अश्विनी? व्हॉट डू यू मीन बाय थ्रू?"

पलीकडून थोडंसं काही आलं. मॅडमनी भिंतीला हात लावला. नंतर पुन्हा इंग्रजीत काहीतरी विचारलं, पुन्हा थोडंच उत्तर आलं. मग त्या मोठ्यानं म्हणाल्या, "तसं नगं. अगं बाय, मराठीत सांग. आपल्या मराठीत सांग मला. पहिल्यापासनं."

त्यानंतर त्या बराच वेळ नुसत्या ऐकत होत्या. फोनमधून रडण्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. मॅडम अधूनमधून "व्हय... व्हय गं" एवढंच म्हणत होत्या.

फोन ठेवल्यावर त्यांना आम्ही दिसलो. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"थ्रू म्हणजे संपलं. लग्न मोडलंय तिचं," त्या म्हणाल्या. "आणि मी पेढे वाटले."

गोविंद पांढराफटक पडला. "मॅडम, मी गंमत केली, मला काय ठाव..."

"तू इचारलंस म्हणून तर मी तिचे मागचे मेसेज वाचले. न्हाईतर अजून चार दिवस पेढे वाटत फिरले असते." त्यांनी फोन आमच्यापुढं धरला, पण आम्ही वाचावं अशा बेतानं नाही. "तिनं सांगितलं नव्हतं असं न्हाई रे. दिवाळीच्या सुमाराला लिहिलंय. वुई आर टेकिंग सम स्पेस. वेगळं राहतोय म्हणत होती पोरगी. मी समजले, मोठं घर घेतायत. मी काय उत्तर दिलंय माहितीय? व्हेरी गुड."



"तिला वाटलं, आईला कळलं आणि आई म्हणतीय, बरं झालं. त्यानंतर पोरीनं काही सांगितलंच न्हाई." त्या जिना उतरायला लागल्या, पुन्हा दोन पायऱ्या वर आल्या. "मला कागद पाहिजे होते. मी कागदच वाचले."

नंतर काही दिवस वर्ग झाला नाही. मग सुरू झाला, पण मॅडम मध्येच गॅलरीत जाऊन फोनवर बोलायच्या आणि ते बोलणं गावाकडचं असायचं, मोठ्या आवाजात, दारातून सगळं ऐकू येईल असं. "जेवलीस का? काय जेवलीस? नुसतं फाईन नगं मला, काय जेवलीस ते सांग." कधी भांडणंही व्हायची. "तुला तिकडं राहायचं तर राहा, यायचं तर ये, पण माझ्यासाठी म्हणून काय करू नगंस," असं एकदा ऐकलं. त्या आत आल्या तेव्हा डोळे लाल होते आणि कुठलं वाक्य चाललं होतं ते त्यांना आठवत नव्हतं. गोविंदनं आठवण करून दिली.

अश्विनी पावसाळ्याच्या शेवटाला परत आली. काळेवाडीत लोक जिन्यात गाठून विचारायला लागले. किती दिवस आलीय, जावई कधी येणार? मॅडम आधी उत्तरं देत होत्या, मग त्यांनी खोली सोडली, घर सोडलं आणि मुलीला घेऊन महाळुंग्याला भावाकडं राहायला गेल्या. शेवटच्या वर्गात कुणी निरोपाचं भाषण करायला उठलं तर त्यांनी त्याला खाली बसवलं. "मी काय मेलेली न्हाई. डिसोझाच्या वेळेला झालं तेवढं पुरं," म्हणाल्या. हसावं की नाही ते आम्हाला कळेना.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात. माझी बदली गुजरातच्या प्लांटला झाली होती आणि महाळुंग्यातले माझे शेवटचे दिवस चालले होते. पहिली शिफ्ट संपवून निघालो तर रस्ता नेहमीसारखा तुंबलेला. ट्रेलर, कंपन्यांच्या बसेस, त्यांच्या मधल्या फटीतून घुसणाऱ्या मोटारसायकली. बस थांबते तिथं, धुळीत, येळवंडे मॅडम उभ्या होत्या. उभ्या म्हणजे येरझाऱ्या घालत होत्या. मी गाडी कडेला घेतली, हाक मारणार एवढ्यात एका कंपनीची बस थांबली आणि गळ्यात ओळखपत्र असलेली एक मुलगी उतरली. अश्विनी. चाकणला एका कंपनीत लागल्याचं गोविंदकडून कळलं होतं.

"आये, परत आलीस तू?" ती हॉर्नच्या वर आवाज काढून म्हणाली. "मी काय ल्हान हाय का?"

"तुझ्यासाठी कोण आलंय? मी भाजी घ्यायला आले."

"मग भाजी कुठं हाय?"

"घ्यायचीय अजून."

"पिशवी?"

मॅडमनी आपल्या रिकाम्या हातांकडं बघितलं आणि मुलीच्या खांद्यावरची बॅग ओढली. अश्विनीनं ती परत ओढली. थोडा वेळ ती बॅग दोघींच्या मध्ये राहिली, आणि मग एक पट्टा हिच्या हातात, एक तिच्या हातात, अशा त्या रस्ता ओलांडायला निघाल्या. दोघी एकदम बोलत होत्या, कुणीच ऐकत नव्हतं. समोरून कंटेनरचा ट्रेलर येत होता. मॅडमनी त्याच्याकडं न बघताच हात वर केला, तळवा त्याच्याकडं करून, आणि बोलणं चालूच ठेवलं.

ब्रेक करकचून ट्रेलर थांबला. मागची सगळी रांग थांबली. त्या दोघी बोलत पलीकडं गेल्या.